त्रिनिदाद आणि टोबॅगोची पहिली संसद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मराठी घरांत पोचलं ते मार्च १९७१ मध्ये, रेडिओवरून. अजित वाडेकरांचा संघ तिथे वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवून बसला आणि सुनील गावसकर नावाच्या नवख्या पोराने पदार्पणातच दोन्ही डावांत अर्धशतकं ठोकली. त्या मैदानापासून फार लांब नसलेल्या एका लाल इमारतीत, त्याच्या नऊ वर्षं आधी, एका नव्या देशाची, कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांच्या देशाची, संसद सुरू झाली होती. तिच्याबद्दल विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची नाही.

‘वेस्ट इंडीज’ची संसद का नाही? त्रिनिदादचीच का?

कारण वेस्ट इंडीज हा देश नाही. तो व्हायचा होता, झाला नाही. १९५८ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातल्या दहा वसाहतींचा मिळून एक संघ स्थापन झाला होता. त्याची संघीय संसद पोर्ट ऑफ स्पेनमध्येच भरायची. सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकाने सार्वमत घेतलं आणि लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. त्यावर त्रिनिदादचे प्रीमियर (वसाहतीतल्या निवडून आलेल्या सरकारचे प्रमुख) एरिक विल्यम्स यांनी मांडलेलं गणित कॅरिबियनमध्ये अजून सांगितलं जातं: दहातून एक गेला की बाकी शून्य. मे १९६२ अखेर संघ विसर्जित झाला. त्या संघासाठी रचलेलं गीत पुढे त्रिनिदादचं राष्ट्रगीत झालं. पंगत मोडली, ताटं मात्र उपयोगी आली, असंच म्हणायचं. जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला, त्रिनिदाद आणि टोबॅगो ३१ ऑगस्टला.

स्वातंत्र्यानंतर पहिली निवडणूक कधी झाली?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक झाली ७ नोव्हेंबर १९६६ ला. मग मधली चार वर्षं संसदेत कोण बसलं होतं? जे आधीपासून बसले होते तेच.

४ डिसेंबर १९६१ ला, म्हणजे वसाहत असतानाच, प्रतिनिधीगृहाच्या ३० जागांसाठी मतदान झालं होतं. विल्यम्स यांच्या पीपल्स नॅशनल मूव्हमेंटला (पीएनएम) २० जागा मिळाल्या, डेमॉक्रॅटिक लेबर पार्टीला (डीएलपी) १०. मतदान सुमारे ८८ टक्के, आजही हेवा वाटावा असं. स्वातंत्र्याचा दिवस उजाडला तेव्हा हेच सभागृह देशाची संसद झालं. माणसं तीच, बाकं तीच. फक्त पाटी बदलली. जमैकाने स्वातंत्र्याच्या चार महिने आधी, एप्रिल १९६२ मध्ये, नव्याने निवडणूक घेतली आणि तिथे सत्तांतरही झालं. त्रिनिदादने ती घेतली नाही.

म्हणजे संविधान सभा नव्हतीच?

नव्हती. आपल्या डोळ्यांसमोर दिल्लीची संविधान सभा असते: जवळजवळ तीन वर्षं चाललेली चर्चा, मसुदा समिती, बाबासाहेबांची भाषणं. त्रिनिदादमध्ये तसं काही घडलं नाही. सरकारने मसुदा तयार केला, तो प्रसिद्ध केला आणि लोकांकडून लेखी सूचना मागवल्या. मग एप्रिल १९६२ च्या अखेरीस पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स हॉलमध्ये तीन दिवसांची बैठक बोलावली. धार्मिक संस्था, कामगार संघटना, व्यापारी मंडळं, राजकीय पक्ष अशा सगळ्यांना बोलावणं होतं. डीएलपीचे लोक तिथून उठून निघून गेले. पुढची बोलणी लंडनला झाली आणि अंतिम राज्यघटना ब्रिटिश राणीच्या हुकूमनाम्याचं परिशिष्ट म्हणून आली.

कागदोपत्री पाहिलं तर हे संविधान वरून खाली आलेलं आहे. पण ‘वरून आलेलं’ एवढं म्हणून सोडून दिलं, तर खरी गोष्ट हातून निसटते. ती पुढच्या उत्तरात आहे.

लंडनमध्ये नेमकं काय झालं? चहाच्या सुट्टीत समझोता झाला, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि या सगळ्या प्रकरणाचा जीव तिच्यातच आहे.

२८ मे ते ८ जून १९६२ या काळात लंडनच्या मार्लबरो हाउसमध्ये परिषद भरली. वसाहत खात्याचे ब्रिटिश मंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग अध्यक्षस्थानी होते. एका बाजूला विल्यम्स, दुसऱ्या बाजूला डीएलपीचे नेते रुद्रनाथ कॅपिल्डिओ. दोघांमधलं वातावरण आधीच नासलेलं होतं. १९६१ च्या प्रचारात पीएनएमच्या लोकांनी डीएलपीच्या सभा उधळल्या, अशी तक्रार होती; तर कॅपिल्डिओंनी पोर्ट ऑफ स्पेनच्या मोठ्या मैदानावरच्या सभेत, संतापाच्या भरात, समर्थकांना शस्त्रं घ्यायला सांगितलं होतं. काही भागांत आणीबाणी लावून मतदान झालं होतं. देशाची वस्ती तेव्हा सव्वाआठ लाखांच्या घरात. त्यात आफ्रिकी वंशाचे सुमारे ४३ टक्के, भारतीय वंशाचे सुमारे ३६ टक्के. दोन्ही पक्षांचे मतदार बव्हंशी याच रेषेवर वाटलेले. स्वातंत्र्य म्हणजे कायमचं पीएनएमचं राज्य, ही भीती भारतीय वस्त्यांत खरोखरीची होती.

बोलणी अडली. परिषद मोडते की काय, अशी वेळ आली. तेव्हा चहाच्या सुट्टीत विल्यम्स आणि कॅपिल्डिओ दोघंच बाजूला बोलले. परत आले ते समझोता घेऊनच. महत्त्वाच्या नेमणुकांत विरोधी पक्षनेत्याचा सल्ला, निवडणुका आणि मतदारसंघांच्या आखणीसाठी वेगळे आयोग, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे (वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे) अपिलाची सोय कायम, आणि घटनेतली कळीची कलमं बदलायला जास्त कडक बहुमत, असा त्याचा आशय होता.

या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व कळायला थोडी बेरीज-वजाबाकी करावी लागते. ३० जणांच्या गृहात दोन-तृतीयांश म्हणजे २०, आणि सत्ताधाऱ्यांकडे होते बरोबर २०! दोन-तृतीयांशांची अट त्यांना अडवणारच नव्हती. कळीच्या कलमांसाठी ती तीन-चतुर्थांशांवर नेली, म्हणजे किमान २३ लागणार. आता तीन विरोधकांना पटवल्याशिवाय विल्यम्सना ती कलमं हलवता येणार नव्हती. कॅपिल्डिओ गणिताचे प्राध्यापक होते; हा हिशेब त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या मते या संसदेचा खरा जन्म ३१ ऑगस्टच्या झेंडावंदनात नाही, त्या चहाच्या सुट्टीत आहे. दहा जागांच्या विरोधी पक्षाने मान डोलावली नसती, तर ३० जणांचं गृह भरलं असतं, पण अर्ध्या देशाला ते परकंच वाटलं असतं.

कॅपिल्डिओ हे नाव कसलं? कोण होते हे गृहस्थ?

‘कपिलदेव’! हरियाणाच्या कपिलचा काही संबंध नाही. भोजपुरी बोलणाऱ्या एका पंडित आजोबांचं नाव ब्रिटिश कारकुनाच्या हातून असं लिहिलं गेलं आणि पुढे आडनाव झालं. चगुआनासमधलं ‘लायन हाउस’ हे या घराण्याचं घर. लेखक व्ही. एस. नायपॉल यांची आई याच घरातली, म्हणजे रुद्रनाथ हे नायपॉल यांचे मामा. १९२० चा जन्म, लंडनमध्ये गणितातली डॉक्टरेट, तिथल्याच विद्यापीठात अध्यापन. १९६० मध्ये ते डीएलपीचे नेते झाले. त्यांचे थोरले बंधू सिंभूनाथही त्याच पक्षाचे खासदार होते.

आता गंमत पाहा. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात हे विरोधी पक्षनेते पुन्हा लंडनला शिकवायला गेले आणि नेतेपद मात्र सोडलं नाही! सभागृहात त्यांची जागा स्टीफन महाराज सांभाळायचे. (इथे ‘महाराज’ म्हणजे मठातले नव्हेत, त्रिनिदादमध्ये ते ब्राह्मण घरांचं आडनाव आहे.) समुद्रापलीकडून पक्ष चालवण्याचे परिणाम व्हायचे तेच झाले. १९६४ च्या सुमारास काही जण फुटून लिबरल पार्टीत गेले, पुढे महाराजही बाहेर पडले. ज्या माणसाने घटनेत विरोधकांसाठी जागा मिळवून दिली, त्यानेच ती जागा रिकामी ठेवली. हे लिहिताना मलाही कडू वाटतं, पण लपवण्यात अर्थ नाही.

दोन सभागृहं होती का? सिनेटमध्ये कोण बसायचं?

होती. प्रतिनिधीगृह निवडून आलेलं, सिनेट पूर्णपणे नेमलेलं. सिनेट १९६१ मध्येच सुरू झालं, तेव्हा २१ जणांचं: १२ प्रीमियरच्या शिफारशीने, २ विरोधी पक्षनेत्याच्या आणि ७ गव्हर्नरने स्वतः निवडलेले. स्वातंत्र्याच्या घटनेत ते २४ झालं. १३ पंतप्रधानांच्या सल्ल्याने, ४ विरोधी पक्षनेत्याच्या, आणि उरलेले ७ धार्मिक, आर्थिक, सामाजिक क्षेत्रांतले.

या सातांवर जरा थांबू या. आपल्या विधान परिषदेतले राज्यपालनियुक्त बारा आठवतात ना? कल्पना तशीच: राजकारणाबाहेरची जाणती माणसं आत यावीत. आपल्याकडे त्या बारांची नावं मंत्रिमंडळाकडून जातात आणि त्यावरून काय काय होतं, ते सर्वांना ठाऊक आहे. त्रिनिदादमध्येही गव्हर्नर गेला तशी ती निवड पंतप्रधानाच्या हाती आली. त्याने संबंधित संस्थांशी विचारविनिमय करायचा आणि नावं पाठवायची. म्हणजे विरोधकांच्या दोनच्या चार जागा झाल्या, पण तटस्थ म्हणवले जाणारे सात सत्ताधाऱ्यांच्या उंबऱ्याला आले. १९७६ च्या घटनेने ही चूक सुधारली. सिनेट ३१ चं झालं आणि स्वतंत्र नऊ सदस्य निवडायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला मिळाला.

अध्यक्ष आणि सभापती कोण होते?

आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर खालच्या गृहाचे अध्यक्ष अरनॉल्ड थॉमसॉस आणि वरच्याचे सभापती हॅमिल्टन मॉरिस. थॉमसॉस १९६१ ते १९८१ अशी वीस वर्षं त्या खुर्चीवर होते.

एरिक विल्यम्स हे राजकारणी की इतिहासकार?

दोन्ही, आणि त्यांच्या बाबतीत ते वेगळं काढता येत नाही. ऑक्सफर्डची डॉक्टरेट, गुलामगिरी आणि ब्रिटिश भांडवलशाही यांच्या नात्यावरचं त्यांचं काम जगभर वाचलं गेलं. १९५० च्या दशकात ते संसदेच्या इमारतीसमोरच्या वुडफर्ड चौकात उभं राहून लोकांना इतिहास, राज्यघटना, अर्थकारण शिकवायचे. हजारोंची गर्दी व्हायची. त्या चौकाला ‘वुडफर्ड स्क्वेअर विद्यापीठ’ असं नाव पडलं. जानेवारी १९५६ मध्ये पक्ष काढला, त्याच वर्षी सत्ता मिळवली आणि २९ मार्च १९८१ ला मृत्यू येईपर्यंत ती सोडली नाही. चौक ते सभागृह हे अंतर रस्ता ओलांडण्याइतकं. ते पार करून परत न आलेला हा माणूस.

पहिल्या संसदेत स्त्रिया होत्या का?

नगण्य. १९६१ मध्ये इसाबेल टेशिया निवडून आल्या. प्रतिनिधीगृहावर निवडून गेलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि नंतर देशाच्या पहिल्या स्त्री मंत्री. पुढे त्यांनी इथिओपियात राजदूत म्हणून काम केलं.

टोबॅगोचं काय?

नावात अर्धा वाटा, सभागृहात तीसपैकी दोन जागा. १९६१ मध्ये टोबॅगो ईस्टमधून ए. एन. आर. रॉबिन्सन निवडून आले आणि स्वतंत्र देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. पुढे ते पंतप्रधान आणि नंतर राष्ट्राध्यक्षही झाले. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात भयंकर दिवस याच संसदेच्या इमारतीत यायचा होता.

ती इमारत म्हणजे रेड हाउस ना? तिला लाल रंग का?

हो. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून जुनी इमारत लाल रंगवली आणि लोकांनी तिला तेच नाव पाडलं. ती इमारत सहा वर्षांत जळून गेली. मार्च १९०३ मध्ये पाण्याविषयीचा नवा कायदा चर्चेला होता आणि सरकारने ठरवलं की प्रेक्षकांना आत यायचं तर तिकीट लागेल. बाहेर वुडफर्ड चौकात लोक जमले, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली आणि इमारत पेटली. आपल्या खिशाला हात घालणारा कायदा ऐकायलासुद्धा परवानगी घ्यायची, हे लोकांना सहन झालं नाही. नवी इमारत १९०७ मध्ये उघडली. तिलाही लालच रंग दिला.

२७ जुलै १९९० ला जमात अल मुस्लिमीन या गटाच्या सशस्त्र लोकांनी भर बैठकीत घुसून पंतप्रधान रॉबिन्सन आणि अनेक खासदारांना ओलीस धरलं. रॉबिन्सन यांच्या पायात गोळी झाडली. सहा दिवस हे चाललं. पुढे इमारत दुरुस्तीला काढली, तेव्हा तिच्या खाली युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीच्या मूळ रहिवाशांचे अवशेष सापडले. संसद काही वर्षं समुद्रकाठच्या एका उंच इमारतीत भरत होती. जानेवारी २०२० मध्ये ती रेड हाउसला परतली.

३१ ऑगस्ट १९६२ ला प्रत्यक्षात काय घडलं?

मध्यरात्री रेड हाउससमोर युनियन जॅक उतरला आणि लाल-काळा-पांढरा झेंडा चढला. राणीची प्रतिनिधी म्हणून तिची आत्या राजकन्या मेरी आली होती. तिने संसदेचं उद्घाटन केलं. सर सॉलोमन होचॉय गव्हर्नरचे गव्हर्नर-जनरल झाले. चिनी वंशाचा हा माणूस. ब्रिटिश साम्राज्यात एखाद्या वसाहतीचा गव्हर्नर झालेला पहिला गोरेतर अशी त्यांची ओळख आहे. विल्यम्सनी आदल्याच दिवशी मुलांच्या मेळाव्यात तीन शब्द दिले होते: शिस्त, उत्पादन, सहिष्णुता. ते आजही देशाचं घोषवाक्य म्हणून वापरले जातात.

१९६१ ला मतदान यंत्रांवर झालं, हे खरं का?

खरं. आपल्याकडे यंत्र पहिल्यांदा आलं ते १९८२ मध्ये, केरळमधल्या परवूरला. त्रिनिदाद त्याच्या एकवीस वर्षं आधी. अर्थात ती यंत्रं इलेक्ट्रॉनिक नव्हती. आरोप मात्र ओळखीचे: यंत्रांत घोळ केला, आकडे पिकवले. डीएलपीने हा मुद्दा दहा वर्षं धरून ठेवला.

या पहिल्या संसदेने केलं तरी काय?

नागरिकत्वापासून परराष्ट्र खात्यापर्यंत नव्या देशाला लागणारी सगळी रुक्ष घडी बसवली; सप्टेंबर १९६२ मध्येच देश संयुक्त राष्ट्रांत गेला. वाद झाला तो मार्च १९६५ मध्ये. ऊसमळ्यांत संप पेटला होता, सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि संपाच्या हक्काला वेसण घालणारा औद्योगिक स्थैर्याचा कायदा घाईघाईने संमत करून घेतला. ऊसमजूर बव्हंशी भारतीय वंशाचे, तेलकामगार बव्हंशी आफ्रिकी वंशाचे. हे दोघे एकत्र आले तर काय, ही धास्ती त्या घाईमागे होती असं अनेक अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं.

भारताचा काही प्रत्यक्ष संबंध?

सभागृहातल्या माणसांचा तर होताच. १८४५ मध्ये ‘फातेल रझाक’ जहाजाने पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तिथे उतरले आणि १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं गेली. बहुतेक आजच्या बिहार-उत्तर प्रदेशातली, काही मद्रासमार्गे. नातवंडांची नावं सभागृहाच्या हजेरीपटावर दिसतात: लायनेल सिउकेरन, कमालुद्दीन मोहम्मद, सिंभूनाथ कॅपिल्डिओ. यातले कमालुद्दीन मोहम्मद पीएनएमचे मंत्री होते, तेव्हा ‘भारतीय म्हणजे डीएलपी’ हे समीकरणही सरसकट लावता येत नाही.

आणखी एक वस्तू आहे. प्रतिनिधीगृहाच्या अध्यक्षांची खुर्ची भारताने भेट दिलेली आहे. ‘भारताच्या जनतेकडून त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या जनतेला’ अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर कोरला आहे. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी तिथल्या संसदेत बोलले, तेव्हा त्यांनी याच खुर्चीचा उल्लेख केला.

ही पहिली संसद संपली कशी? नंतर काय झालं?

१९६६ च्या निवडणुकीने. तोवर जागा ३६ झाल्या होत्या. पीएनएमने २४ जिंकल्या, डीएलपीने १२. म्हणजे पुन्हा बरोबर दोन-तृतीयांश, पुन्हा तीन-चतुर्थांशांना तीन कमी. मे १९७१ मध्ये मात्र प्रमुख विरोधकांनी निवडणुकीवर बहिष्कार टाकला. कारणांमध्ये ती जुनी मतदान यंत्रंही होती. गावसकरांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत शतक आणि द्विशतक काढून जेमतेम महिना झाला होता. पीएनएमने ३६ च्या ३६ जागा जिंकल्या. चहाच्या सुट्टीत मिळवलेली तीन-चतुर्थांशांची अट कागदावर तशीच होती, पण ती लागू करायला समोरच्या बाकावर निवडून आलेलं कुणीच उरलं नव्हतं.

प्रजासत्ताक दिन २४ सप्टेंबरला का? १ ऑगस्टला का नाही?

देश १ ऑगस्ट १९७६ ला प्रजासत्ताक झाला, पण सुट्टी असते २४ सप्टेंबरला. त्या दिवशी नव्या घटनेखालची पहिली संसद भरली. या वेळी मात्र आधी निवडणूक झाली होती, आणि विरोधी बाकांवर माणसं बसली होती.